बालमारुतीच्या खोड्या : एका कथेची रूपांतरे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सौंसरजवळ, जामसांवली हे क्षेत्र आहे. तेथील पिंपळाखालचा मारुती उभा नाही आणि बसलेलाही नाही. तो पहुडलेला आहे. मराठी मुलखाला मारुतीची दोन रूपे विशेष परिचित आहेत : हात जोडून उभा असलेला दासमारुती आणि हात उगारून उभा असलेला वीरमारुती. जामसांवलीचे रूप या दोहोंहून वेगळे. मूर्ती पूर्वी उभी होती, धनाच्या लोभाने चोर आले, तेव्हा तिने आडवे होऊन ते धन आपल्या अंगाखाली झाकले, अशी कथा तेथे सांगतात. या क्षेत्री ‘हनुमान लोक’ उभारण्याची योजना मध्य प्रदेश शासनाने हाती घेतली व २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिचे भूमिपूजन झाले. तिच्या घोषित आराखड्यात हनुमंताच्या बालरूपाचे चित्रण एका प्रांगणात करावयाचे असे ठरविलेले होते. जेथे देव विसावला आहे, तेथेच त्याचे बालपण मांडावयाचे, ही कल्पना रम्य आहे. पण ती वाचताच एक प्रश्न मनात उभा राहतो. मांडावयाचे ते बालपण कोणते? कारण बालमारुतीचे बालपण एक नाही. ज्या काळाला जसे मूल हवे होते, तसे बालपण त्या काळाने त्याला दिले आहे.

बालवाङ्मयाचा विचार करताना आपण बहुधा छापील पुस्तकापासून आरंभ करतो. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बालमित्र’ निघाले, हा त्या इतिहासातील परिचित टप्पा होय. तथापि अद्भुतकथा मुलांनी ऐकावी आणि तिच्यात एक मूलच नायक असावे, हा प्रकार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सूर्याला फळ समजून झेप घेणारे वानराचे पोर हे भारतीय अद्भुतकथेतील सर्वांत प्रसिद्ध मूल म्हणावयास हरकत नाही. म्हणून अद्भुतकथेतील मुलाचे वर्तन लेखकांनी, कीर्तनकारांनी, चित्रकारांनी आणि चित्रपटकारांनी कसे रंगविले याचा शोध घ्यावयाचा, तर या पोराइतका उत्तम साक्षीदार दुसरा नाही.

मूळ कथा वाल्मीकिरामायणात एकदा नव्हे, दोनदा येते. पहिल्याने ती किष्किंधाकांडाच्या ६६ व्या सर्गात जांबवान सांगतो. सीतेच्या शोधार्थ निघालेले वानर समुद्रतीरी हताश होऊन बसले आहेत. प्रत्येक जण आपण किती योजने उडी मारू शकतो ते सांगत आहे. वृद्ध जांबवान आपल्या ओसरलेल्या शक्तीचा हिशेब देतो. अंगद म्हणतो, मी पलीकडे पोहोचेन, पण परत येईन की नाही याची खात्री नाही. हनुमान मात्र एकीकडे मुकाट्याने बसला आहे. अशा वेळी जांबवान त्याला त्याच्याच बालपणाची गोष्ट सांगतो. उगवता सूर्य पाहून तू त्याला फळ समजलास, तीनशे योजने वर गेलास, सूर्याच्या तेजानेही खचला नाहीस. इंद्राने वज्र मारले, हनुवटी भंगली आणि त्यावरून तुझे नाव पडले. पुढे वायूचा कोप झाला, देवांनी वर दिले. जांबवानाने सांगितलेली कथा साधारण एवढीच. तीत खोड्या नाहीत आणि शापही नाही.

दुसऱ्यांदा ती उत्तरकांडाच्या ३५ व ३६ व्या सर्गांत अगस्त्य ऋषी रामाला सांगतात. उत्तरकांड हे मागाहूनचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे येथे आपण पहिले रूपांतरच पाहत आहोत असे म्हणता येईल. रामाचा प्रश्न फार मार्मिक आहे. हनुमान एवढा बलाढ्य असताना वालीने सुग्रीवाला छळले तेव्हा त्याने आपले बळ का वापरले नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून बालपणाची कथा येते. येथे ती अधिक भरलेली आहे. सूर्याकडे झेपावलेले पोर राहूलाही फळ समजते, आणि राहूच्या तक्रारीवरून धावून आलेल्या इंद्राचा ऐरावत दिसताच त्यालाही फळच समजते. भुकेल्या मुलाला सारे जग खाण्याजोगे दिसते, हे बालमनाचे निरीक्षण किती अचूक आहे! पुढे वज्राचा आघात होतो, वायू आपल्या मुलाला घेऊन गुहेत शिरतो, जगाचा श्वास कोंडतो आणि देव धावत येतात. ब्रह्मदेवाच्या स्पर्शाने मूल सावध होते. त्याला वर मिळतात. सूर्य आपल्या तेजाचा शतांश देतो आणि पुढे शास्त्रे शिकविण्याचेही कबूल करतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. वरांनी बलवान झालेले हे पोर ऋषींच्या आश्रमांत शिरून यज्ञपात्रे फोडते, अग्निहोत्रांचा विध्वंस करते, वल्कले फाडते. बाप केसरी आणि वायू दोघेही त्याला आवरू पाहतात. ते ऐकत नाही. ऋषी ब्रह्मदेवाचा वर जाणून बराच काळ सोसतात. अखेर भृगु-अंगिरसांच्या कुळातील ऋषी शाप देतात : ज्या बळाच्या भरात तू आम्हांस त्रास देतोस, त्याचा तुला दीर्घकाळ विसर पडेल, कोणी तुझ्या कीर्तीची आठवण करून देईल तेव्हा ते बळ पुन्हा वाढेल. हा शाप देताना ते फारसे क्रोधाविष्ट नव्हते, असेही कवी आवर्जून नोंदवितो. त्यानंतर ते पोर त्याच आश्रमांतून शांतपणे वावरू लागले.

या दोन कथनांतील अंतर शिक्षकाने सावकाश पाहण्यासारखे आहे. खोड्यांचा आणि शापाचा भाग जांबवानाच्या तोंडी नाही, अगस्त्यांच्या तोंडी आहे. काव्याच्या घडणीचा इतिहास बाजूला ठेवला, तरी या भेदाला एक अर्थ आहे. जांबवानासमोर खचलेला तरुण बसला आहे. त्याला त्याचे सामर्थ्य आठवून द्यावयाचे आहे. त्या क्षणी लहानपणच्या उपद्रवांची यादी वाचणे म्हणजे त्याला पुन्हा खाली बसविणे. अगस्त्यांसमोर एका राजाने न्यायाचा प्रश्न टाकला आहे. त्यांना काहीही लपविता येत नाही. एकाच मुलाचे बालपण कोणाला, कोणत्या वेळी आणि कशासाठी सांगावयाचे यावरून त्यात काय ठेवावयाचे ते ठरते. सर्व रूपांतरांचे बीज येथे आहे, आणि त्यांची कसोटीही येथेच आहे.

पुढील शतकांत या कथेचे काय झाले? तिच्यातील पराक्रम वाढत गेला आणि उपद्रव आटत गेला. वाल्मीकींच्या कथेत पोर सूर्याच्या जवळ जाते, सूर्याला गिळत नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी रचलेल्या मारुतिस्तोत्रात सूर्यमंडळ ग्रासल्याचा उल्लेख येतो. उत्तरेत तुलसीदासांच्या नावावर असलेल्या हनुमान चालीसेतही सूर्य फळासारखा गिळला जातो. पण आश्रमांतील विध्वंस या दोन्ही रचनांत नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या या सीमाभागात ही दोन्ही स्तोत्रे मुलांच्या कानांवर पडतात. म्हणजे येथील मुलाला दोन भाषांत मिळून गिळलेला सूर्य दोनदा भेटतो आणि फुटलेले यज्ञपात्र एकदाही भेटत नाही. यात स्तोत्रकारांचा दोष नाही. स्तोत्र हे उपास्याचे स्तवन आहे, चरित्र नव्हे. शिवाय समर्थांना मारुती हवा होता तो बलोपासनेसाठी. ज्या काळात गावोगावी तरुणांचे मनगट आणि मन दोन्ही घडवावयाचे होते, त्या काळाला आवरलेले बळ दाखविणारा मारुती जवळचा वाटला. हीच धारा पुढे तालमींतून वाहिली. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव त्याच धारेतले आहे. मात्र बळ आवरण्यापूर्वी ते एकदा अनावर झाले होते, ही गोष्ट त्यात मागे पडली.

कीर्तनातील बालमारुती याहून मऊ. चैत्री पौर्णिमेस सूर्योदयाच्या सुमारास जन्माचे कीर्तन होते, सुंठवडा वाटला जातो. एकनाथांच्या भावार्थरामायणाने आणि श्रीधरांच्या रामविजयाने घराघरांत पोहोचविलेले रामकथेचे मराठी रूप कीर्तनकाराच्या मुखी असते. या रूपात आई अंजनी मोठी होते. मूल भुकेले आहे, आई म्हणते, लाल दिसेल ते तुझे फळ. आणि मूल आज्ञेप्रमाणे लाल दिसणाऱ्या सूर्याकडे झेपावते. पाहा, एवढ्याशा बदलाने वर्तनाचा अर्थ कसा पालटला. मुळात जी मुलाची स्वतःची चूक होती, ती आता आईच्या शब्दाचे शब्दशः पालन ठरली. खोडकर पोर आज्ञाधारक झाले. जन्मोत्सवाच्या पहाटे, मांडीवर पोरे घेऊन बसलेल्या आयांसमोर, याहून वेगळे मूल कीर्तनकार उभे तरी कसे करणार?

मुद्रणाच्या काळात मराठी बालवाङ्मय बोध आणि रंजन या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिले. ‘बालमित्रा’च्या वळणाच्या पुस्तकांत खोडी आणि शिक्षा यांची जोडी पक्की होती, खोडी केली की कथेच्या शेवटापूर्वी तिची परतफेड व्हावयाचीच. १९५२ मध्ये ‘चांदोबा’ मराठीत निघू लागला. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ मुलांसाठी रंगभूमीवर आणले. १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ निघू लागल्या. अद्भुतकथा आता कानांनी ऐकण्याऐवजी डोळ्यांनी पाहावयाची झाली. ही गोष्ट लहान नाही. ऐकलेल्या कथेतील मारुतीचा चेहरा प्रत्येक मूल आपापला करून घेते. चित्राने तो चेहरा ठरवून टाकला : गुबगुबीत गाल, मोठे डोळे, मागे लहानशी शेपटी. अशा चेहऱ्याने पात्र फोडले तरी पाहणाऱ्याला हसूच येणार. उपद्रव कथेतून काढून टाकण्याची आवश्यकताच उरली नाही. तो गोंडस केला की पुरे.

२००५ साली व्ही. जी. सामंत व मिलिंद उके यांनी दिग्दर्शित केलेला ‘हनुमान’ हा सचेतपट आला. त्यात बालमारुतीच्या खोड्या आहेत आणि विस्मरणाचा शापही आहे, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण खोड्यांची योजना प्रेक्षक-मुलांनी खिदळावे यासाठी आहे. ज्यांची उपकरणे फुटली त्या ऋषींचे दुःख मुलांपर्यंत पोहोचत नाही. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, अनुराग कश्यप यांचा ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. त्यात हनुमंत आजच्या गावात मारुती नावाचे मूल होऊन जन्मतो आणि दांडगट पोरांकडून छळल्या जाणाऱ्या एका दुबळ्या मुलाच्या पाठीशी उभा राहतो. मूळ कथेत बलवान मूल हेच इतरांना छळणारे होते. येथे छळणारे दुसरेच कोणी आहेत आणि बलवान मूल त्यांना धडा शिकविणारे आहे. वर्तनाचे पारडे पूर्णपणे उलटले.

हा पालट एकट्या मारुतीच्या वाट्यास आला नाही. महाभारताच्या आदिपर्वातील बाल भीम आठवावा. तो कौरवांना केसांनी ओढतो, पाण्यात बुडवून धरतो, ते झाडावर चढले की झाड हलवून त्यांना फळांसकट खाली पाडतो. हे तो द्वेषाने नव्हे, पोरपणाने करीत असे, असा निर्वाळा व्यास देतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ज्यांना बुडविले त्यांच्या मनात विष साठले आणि ते एके दिवशी भीमाच्या अन्नात उतरले. निष्पाप खोडीचाही दुसऱ्याच्या मनावर व्रण उठतो, हे एवढ्या निर्भयपणे सांगणारी बालकथा विरळा. २००८ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘छोटा भीम’ने त्या नावाचे बळ घेतले, खादाडपणाही घेतला, ढोलकपूरचा हा मुलगा लाडू खाऊन शक्तिमान होतो आणि गाव वाचवितो. नवी कथा नव्या जगात घडते, म्हणून तिला व्यासांच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु नावाबरोबर व्रणाची आठवण आली नाही, एवढे नोंदविले पाहिजे.

पश्चिमेकडेही असेच घडले. इटालियन लेखक कार्लो कोलोदी यांचा ‘पिनोकिओ’ १८८१ ते १८८३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाला. त्यातील लाकडी मुलगा उपदेश करणाऱ्या रातकिड्यावर हातोडा फेकतो आणि तो किडा मरतो. प्रथम लेखकाने त्या मुलाला झाडाला लटकवून कथा संपविली होती. नंतर ती पुढे वाढविण्यात आली. १९४० साली वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटात तोच किडा मुलाचा सोबती आणि सदसद्विवेक होऊन अखेरपर्यंत जिवंत राहतो. हातोड्याचा घाव पुसला, तेव्हाच पश्चात्तापाची खोलीही पुसली गेली.

यावर कोणी म्हणेल, कोवळ्या वयाला एवढे कठोर दाखवावेच कशाला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. शापाची कथा हातात घेऊन मुलांना धाक घालणारे वडीलधारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘खोड्या केल्यास तर तुझेही असेच होईल’ एवढाच बोध काढावयाचा असेल, तर कथा न सांगितलेली बरी. पण मूळ कथा धाकाची नाही. ऋषी आधी सोसतात, केसरी आणि वायू आधी आवरतात, शापही रागाच्या भरात दिला जात नाही. आणि त्या शापाचे स्वरूप पाहावे. मुलाचे बळ काढून घेतले जात नाही, ते ठेव म्हणून ठेवले जाते. ते परत मिळण्याची अट मुलाच्या गुणदोषांवर नाही. कोणीतरी त्याला त्याची आठवण करून द्यावी, एवढीच ती अट आहे. शिक्षेच्या पोटातच एका वडीलधाऱ्या माणसाचे कर्तव्य लिहून ठेवलेले आहे. शाप देणारे ऋषी आणि आठवण देणारा जांबवान ही या कथेतील शिक्षणाची दोन अंगे होत. नव्या रूपांतरांतून खोडीचे दुखणे गेले, तेव्हा शापाचे कारण गेले. आणि शाप नुसता विनोदाचा झाला, तेव्हा जांबवानाच्या शब्दांची गरजही उथळ झाली. मुलाचा अपराध सौम्य करताना आपण मोठ्यांची जबाबदारीही सौम्य करून घेतली, असा या इतिहासाचा निष्कर्ष मला दिसतो.

म्हणून शिक्षकांनी दोन्ही कथा सांगाव्यात. वर्गात खाली मान घालून बसणाऱ्या मुलाला जांबवानाची सांगावी. दुसऱ्याची पाटी फोडून हसणाऱ्या मुलाला अगस्त्यांची सांगावी, पण ती शेवटपर्यंत सांगावी, कारण त्या मुलाला शापाइतकीच उःशापाचीही गरज आहे.

जामसांवलीच्या परिसरात या विस्मरणाला आणखी एक अर्थ येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्याच्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला. सौंसर त्यातच आहे. तेथील अनेक घरांत मारुतीची गोष्ट आजी मराठीत सांगते, पडद्यावर ती हिंदीत येते आणि शाळेची पुस्तके बहुधा हिंदीतच असतात. दोन भाषा मिळणे हा काही शाप नव्हे. पण एक मिळताना दुसरीचा विसर पडला, तर ते विस्मरण मारुतीच्या विस्मरणासारखेच आहे. बळ अंगात असते, फक्त ते आठवत नाही. त्या मुलांना ते आठवून देणारा कोणी जांबवान त्यांच्या घरात किंवा शाळेत असावा, एवढीच अपेक्षा.

‘हनुमान लोका’त बालरूपाचे चित्रण होईल, तेव्हा तेथे सूर्याकडची झेप असेलच, तिच्यावाचून बालमारुती पुरा होत नाही. त्या झेपेशेजारी एखादे फुटलेले यज्ञपात्रही दिसावे, आणि थोड्या अंतरावर समुद्रतीरी मुकाट्याने बसलेला तरुण व त्याच्याजवळ वाकून बोलणारा म्हातारा जांबवान दिसावा. मग पिंपळाखाली पहुडलेली ती मूर्ती पाहताना एखादे मूल विचारील, ‘हा झोपला आहे का?’ आणि त्याच्याबरोबरच्या आजीला सांगता येईल, ‘नाही रे बाळा, त्याला कुणी आठवण करून दिली की तो उठतो.’